गैरहजरांचे वकील

या जगात गैरहजर माणसाची बाजू घ्यायला एकही माणूस उरला नाही, तरी शिकागोजवळच्या नेपरव्हिलचे आमचे शेजारचे काका उरतील, अशी माझी खात्री होती. पेशाने भूलतज्ज्ञ; पण इंजेक्शनाआधी इतकं बोलत की निम्मे पेशंट फुकटच झोपत. दुधात माशी पडली तर काका माशीची बाजू घेत. कुत्रा चावला तेव्हा टाके घालून घेताना म्हणाले, "अरे, त्याचाही दिवस वाईट गेला असेल!" काकूंनी कपाळाला लावलेला हात दोन दिवस काढला नाही.

ही ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. शिकागोच्या गाडीत रोज त्यांच्या शेजारी त्यांच्याच हॉस्पिटलातली एक कृष्णवर्णीय नर्स बसे. नऊ वर्षांचा शेजार! एकदा ती म्हणाली, दुकानातला पहारेकरी माझ्या मागे मागे मोज्यांच्या कपाटापर्यंत आला. काका तत्काळ म्हणाले, "त्याला मोजे हवे असतील!" दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या डब्यात. काकांचं जेवणावरून मन उडालं. "सांत्वनच केलं ना रे मी?" मी म्हटलं, "काका, तुम्ही आर्ग्यू केलंत." काका गप्प बसले. हे पहिल्यांदाच घडत होतं.

आपल्या जिभेचा काकांना भरवसा नव्हता. सोमवारी त्यांनी काकूंच्या पानाच्या डब्यातली अख्खी सुपारी गालात धरली आणि तिच्या डब्यात जाऊन बसले. "सॉरी" तेवढं आधी म्हणून घेतलं. हळूहळू ती बोलू लागली. आईला घर भाड्याने कसं नाकारलं, पोलिसाने अडवलं की हात कुठे ठेवायचे हे भावाला कसं शिकवलं. "तसं नसेल हो" ओठांवर आलं की काका सुपारी या गालातून त्या गालात ढकलत. महिनाभरात दाढ हलू लागली, पण ती पुन्हा शेजारी बसू लागली. "नऊ वर्षं मीच बडबडत होतो रे," काका मला म्हणाले.

मग एका रविवारी त्यांनी तिला घरी जेवायला बोलावलं; मीही होतोच. ती पाऊण तास उशिरा आली. आमच्या वळणावर पोलिसाने गाडी थांबवून, इथे कोणाकडे काम आहे, असं विचारलं होतं.

"रुटीन चेक असेल," मीच म्हणून गेलो.

दुपारी ती निघाली तेव्हा काका कोट चढवून तिच्या गाडीत बसले, वळणापलीकडे उतरले आणि बर्फातून चालत परत आले. मी दारातच उभा होतो.

"तोच पोलीस होता," काका म्हणाले. "मला बघून त्याने हसून हात केला. ती म्हणाली, बघितलंत?"

मी थांबलो. काका आता त्या पोलिसाच्या बाजूने काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. ते बूट काढून आत गेले. माझ्या बोलण्याची मला लाज वाटत होती; तरीही, त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं, असं मला फार वाटलं.