बुढीच्या आधी घेतलेलं रक्त

आई लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची आणि दादानं सातवीतच शाळा सोडली, म्हणून मी तिरोड्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झालो. घराण्यात पहिलाच. पुढे लॅबचा कोर्स करून गोंदियात रक्त तपासायला लागलो. तरी गावात कोणाचं पोट दुखलं की बोलावणं जायचं ते शेजारच्या बुढीला. तेलाच्या हातानं ती सरकलेली बेंबी बसवायची. अक्षरओळख नाही, पण लोक तिला बसायला खाट टाकायचे. मला फक्त विचारायचे, रिपोर्ट कधी भेटते. जळायचो मी तिच्यावर, खोटं कशाला सांगू.

एका सकाळी मी ड्युटीवर निघालो, तर दादाची आठ वर्षांची मुलगी पोट धरून बसलेली. पहाटेपासून दुखत होतं. वहिनीनं बुढीला निरोप धाडला होता. मी पिशवीतून सुई काढली.

"काऊन गा, एवढी कायची घाई? बुढीले येऊ दे," दादा म्हणाला.

ती यायच्या आत दुखणं कशाचं ते मला सांगायचं होतं, हीच घाई.

रक्त घेऊन गेलो, लॅबमध्ये तपासलं. पांढऱ्या पेशी जराशा वाढलेल्या, सूज दाखवणारी सीआरपी नॉर्मल. दादाला फोन लावला, "काही नाही, गॅस होय."

फोनमध्ये मागून बुढीचा आवाज आला. "काय म्हनते तुया भाऊ?"

"गॅस म्हनते."

"त्याले सांग, उजवीकडं दाबलं तं पोरगी कन्हते, हात उचलला तं वरडते. मी नाही चोळत. आतमंदी फुटन. दवाखान्यात ने."

दादानं तिचं ऐकलं. दुपारी गोंदियाच्या दवाखान्यात पुन्हा रक्त घेतलं. सीआरपी चढलेली, पेशीही भरपूर. मी लॅबमधून तिथं पोचलो, तोवर दादानं माझ्या फोनचं सांगितलं होतं. सर्जन मला म्हणाले, "सुरुवातीच्या तासांत सीआरपी नॉर्मल येऊ शकते. पोट न पाहता गॅस कसं सांगितलंत?" हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

"पोट कोणी पाहिलं?" त्यांनी विचारलं. दादानं बुढीचं सांगितलं. ते म्हणाले, "हुशार बाई आहे." आत पोरगी कण्हत होती आणि मी त्या तीन शब्दांवर जळत होतो.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं, अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं आणि पोरगी वाचली.

दिवाळीत दादानं बुढीला लुगडं नेलं. मी सोबत गेलो नाही. कुठल्याही लहान मुलाच्या पोटदुखीचं रक्त आलं की आता मी दुखणं कधी सुरू झालं ते आधी विचारतो, रिपोर्टवर लिहितो. बुढीला मात्र हे कधी सांगितलं नाही.

 अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं आणि पोरगी वाचली.