खरात मॅडम आणि नऊ दिवसांचं ‘नाही’

निर्मला खरात मॅडम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अंधारात शिकवत होत्या. जालन्याच्या तंत्रनिकेतनातला माझा तो पहिलाच आठवडा. पावसाळी दुपार होती, वीज गेली, संगणकांचे पडदे एकदम काळे झाले आणि आम्ही दप्तरं आवरायला लागलो.

“कुठं निघाले? लाइट गेली, तास न्हाई गेला,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि आदल्या दिवशी लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून तोंडी सांगायला लावला. आता इथून कुठं गेलात? तिथं काय मागितलं? काय मिळालं? पंखे थांबले होते. बाहेर कडुनिंबावर होले घुमत होते. वर्गभर मुलं-मुली डोळे मिटून, कुणाला न दिसणाऱ्या एका वाटेनं हळूहळू चालत होती आणि मॅडमचा आवाज तेवढा सोबतीला होता. अर्ध्या तासानं वीज आली तेव्हा डोळे उघडावेसे वाटेनात. संगणकाची भीती मला त्या दिवसानंतर कधी वाटली नाही.

मॅडम मूळच्या भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या. वडील प्राथमिक शिक्षक. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून सगळ्या भावंडांनी अभ्यास केला, असं त्या सांगतात. त्यापलीकडे स्वतःविषयी फारसं बोलत नाहीत. तंत्रनिकेतनातली नोकरी सोडून त्या जुन्या जालन्यातल्या एका धर्मादाय रक्तपेढीचं संगणकाचं काम पाहू लागल्या, आणि त्यांनी मलाही तिथं बोलावून घेतलं.

बोलावलं खरं, पण माझे वडील तयार नव्हते. राजूरला गणपतीच्या देवळाजवळ आमचं नारळ-फुलांचं छोटं दुकान आहे. मुलीनं जालन्यात एकटीनं राहावं, हे त्यांना पटत नव्हतं. एका चतुर्थीला, ऐन गर्दीत, मॅडम दुकानात येऊन बसल्या. बोलायला कुणालाच सवड नव्हती. त्यांनी समोरची दुर्वांची पाटी ओढली आणि एकवीस-एकवीस मोजून जुड्या बांधायला लागल्या. दोन तास बांधत होत्या. गर्दी ओसरल्यावर वडिलांनी चहा पुढे केला आणि स्वतःच विचारलं, “मॅडम, पोरगी तुमच्याजवळ राहील का?” मॅडम म्हणाल्या, “वरची खोली रिकामीच हाये.” एवढंच बोलणं झालं. मी तीन वर्षं त्या खोलीत राहिले.

आता जी हकीकत सांगते, ती माझ्या चुकीची आहे. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात ती सांगावी का, असं मी त्यांना विचारलं. “ती सोडून दुसरं काही सांगितलं तरी चालंल, पण मंग माझ्यावर कशाला लिहिती?” असं त्या म्हणाल्या. म्हणून सांगते.

आमच्या रक्तपेढीत जावा भाषेत लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे. एखादा दुर्मीळ रक्तगट आमच्याकडे नसला, तर तो दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेच्या वेब सर्व्हिसला विचारतो. त्या संस्थेकडे दुर्मीळ रक्तदात्यांची यादी आहे. आमच्या प्रोग्रॅमनं रक्तगट कळवायचा, तिकडून नावं यायची. पापणी लवायच्या आत काम व्हायचं. हा विचारणा करणारा भाग मी लिहिलेला होता.

रोज सकाळी चहा घेताना आदल्या दिवशीच्या नोंदी वाचायची मॅडमना सवय आहे. त्या सकाळी त्यांनी कप खाली ठेवला.

“सीमा, नऊ दिवस झाले. एकदा पण ‘हो’ न्हाई आलं.”

“गट दुर्मीळ आहेत मॅडम. नसतील कुणी.”

“आठ जणांसाठी विचारलं. आठही वेळेला न्हाई. इतकं एकसारखं न्हाई कोणी म्हणत नसतं.”

मी माझ्या लॅपटॉपवर त्या संस्थेचं पान उघडलं आणि आठांतला एक गट टाकला. लगेच दोन नावं आली. तोच गट आमच्या प्रोग्रॅममधून विचारला. दहा सेकंद काहीच नाही, मग तीच ओळ: रक्तदाता उपलब्ध नाही. आमचा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा, म्हणून मी हात पुढे केला, तर मॅडमनी तो धरला.

“थांब. आधी फोन.”

त्यांनी त्या संस्थेला फोन लावला आणि आठही गट एकेक करून वाचून दाखवले. त्यांतल्या पाचांसाठी रक्तदाते होते. नऊही दिवस ते होतेच. काउंटरवरचे ताहेरभाई लगेच दवाखान्यांना फोन करायला बसले.

“आता सर्व्हर चालू-बंद करू?” मी विचारलं.

“न्हाई. केलं तर चालंल बी. पण काय झाल्तं, ते आपल्याला कधीच कळणार न्हाई. अन् उद्या पुन्हा होईल. डोळे मिट. पहिल्या ओळीपासून सांग.”

मी डोळे मिटले. खाली गल्लीत टेम्पोतून कापडाचे गठ्ठे उतरत होते, त्यांचा धप्प धप्प आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. काउंटरवरून गट घेतला. विचारणा तयार केली. संस्थेच्या सर्व्हरचं नाव घेतलं. नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता काढला.

“पत्ता दर वेळी नव्यानं काढतो का?”

“नाही. एकदा काढला की लक्षात ठेवतो.”

“किती दिवस?”

मी डोळे उघडले. सर्व्हर उभा करताना कुठूनतरी उचललेली एक ओळ मी त्यात टाकली होती. त्या ओळीमुळे एकदा काढलेला पत्ता प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तसाच लक्षात राहायचा. मॅडमनी पुन्हा संस्थेला विचारलं. नऊ दिवसांपूर्वी त्यांनी सगळं नव्या सर्व्हरवर हलवलं होतं. नाव तेच, पत्ता नवा. माझ्या लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला होता. आमचा प्रोग्रॅम मात्र नऊ दिवस बंद पडलेल्या जुन्या सर्व्हरकडेच जात होता आणि दहा सेकंद थांबून परत येत होता.

“बरं. परत आल्यावर त्यानं आपल्याला काय सांगायला पाहिजे होतं?” मॅडमनी विचारलं.

उत्तर मला ठाऊक होतं. संपर्क झाला नाही तर काय करायचं, ते मीच लिहिलं होतं: रिकामी यादी द्यायची. पडद्यावर लाल अक्षरं आली की काउंटरवरचे लोक घाबरतात, म्हणून मी तसं केलं होतं. आणि यादी रिकामी असली की पडद्यावर ‘उपलब्ध नाही’ असं उमटायचं. ‘विचारताच आलं नाही’ आणि ‘विचारलं, पण रक्तदाता कुणी नाही’, या दोन्हींसाठी मी एकच उत्तर ठेवलं होतं.

मला रडू आलं. मॅडम रागावल्या नाहीत. समजूतही घातली नाही. म्हणाल्या, “हा प्रोग्रॅम चालू करायच्या मंजुरीच्या कागदावर माझी सही हाये. मी वाचून केल्ती सही. चूक दोघींची.”

दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. पत्ता आता थोडाच वेळ लक्षात राहतो. आणि संपर्क झाला नाही तर पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत येतं: ‘विचारणा पोहोचली नाही. फोन करा.’ खाली संस्थेचा नंबर. ते शब्द मॅडमनी स्वतः लिहून दिले.

संध्याकाळी ताहेरभाईंनी यादी आणून दिली. पाचांपैकी चौघांना इतर ठिकाणांहून रक्त मिळालं होतं. पाचव्या होत्या वच्छलाबाई. त्यांचा अतिशय दुर्मीळ असा बॉम्बे रक्तगट. गर्भपिशवीची शस्त्रक्रिया करायची होती, रक्त मिळेना म्हणून दवाखान्यानं त्यांना घरी पाठवलं होतं. फोन बंद लागत होता. पत्ता धावड्याजवळच्या एका वस्तीचा होता.

“उद्या सकाळी जाऊ,” मॅडम म्हणाल्या.

राजूर, भोकरदन मागे टाकून जीप पुढे निघाली तेव्हा शेतांवर धुकं होतं. कापूस फुटला होता. धुकं कुठं संपतं आणि कापूस कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं. पलीकडे अजिंठ्याच्या डोंगराची निळी रेघ दिसायची आणि पुसली जायची. मॅडम आपल्याच गावाकडं निघाल्या होत्या.

वच्छलाबाई अंगणात उन्हाला बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. मॅडम त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या. सर्व्हर, प्रोग्रॅम, पत्ता यांतला एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही.

“तुमच्यासाठी रक्त न्हाई, असं आम्ही सांगितलं, ते खोटं होतं. आम्ही बराबर विचारलंच न्हाई. रक्त देणारा माणूस हाये. चूक आमची हाये.”

“मी तं मह्या साड्या धाकल्या जावंला देऊन टाकल्या, बाई,” वच्छलाबाई हळूच म्हणाल्या.

त्यांचे यजमान दारातून पुढे आले. “तिथं माणसं नव्हती का इचारायला? मशीन न्हाई म्हनलं, अन् तुमी बी न्हाई म्हनले!”

“बराबर हाये तुमचं,” मॅडम म्हणाल्या. त्यापुढे एक शब्दही त्यांनी आपल्या बाजूनं जोडला नाही. शेवटी यजमानच आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले.

परतीच्या वाटेवर मॅडमनी जीपच्या काचेला डोकं टेकवलं. मला वाटलं, झोप लागली. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, “राजीनामा लिहून ऱ्हायली ना मनात? लिहू नको. आजपासून तुला भीती वाटंल. भीती वाटणाऱ्या माणसानंच हे काम करावं.”

चौथ्या दिवशी सोलापूरकडचे एक शिक्षक एसटीनं आले, रक्त दिलं, चहा घेतला आणि शाळा बुडायला नको म्हणून लगेच परत गेले. शस्त्रक्रिया नीट झाली. दोन महिन्यांनी वच्छलाबाई स्वतः रक्तपेढीचा जिना चढून आल्या. गालांवर रंग आला होता. मॅडमनी विचारलं, “साड्या परत घेतल्या का?” त्या हसल्या. “घेतल्या. एक सोडून. ती जावंला लई आवडल्ती, मंग ऱ्हाऊ दिली.”

मॅडमना या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी घडवलेले विद्यार्थी दूरदूरच्या शहरांत मोठमोठी कामं करतात, त्यांच्याविषयी या ग्रंथात इतर लिहितीलच. मला लिहायचं होतं ते त्या अंगणाविषयी. आपलं चुकलं, हे ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात जाऊन, जमिनीवर बसून सांगायचं असतं, हे मी तिथं शिकले. ते शिकवणाऱ्या बाई मला लाभल्या.

मॅडमना दीर्घ आयुष्य मिळो. गुडघ्यांचं दुखणं कमी होवो आणि डोळ्यांनी शेवटपर्यंत बारीक अक्षर वाचता येवो. धावड्याच्या शेताकडेला दोन खोल्या बांधून राहायचं त्यांच्या मनात आहे. ते घर लवकर उभं राहो. तिथं डोंगराकडे तोंड करून, काहीही न करता बसावं अशी एखादी दुपार त्यांना पूर्ण मिळो, मध्ये कुणाचाही फोन न येता. आमचाही नाही. तसं वचन आम्हाला देता येणार नाही, पण मॅडम, आम्ही मनापासून प्रयत्न करू.