खंडेनवमीला आलेला होल्ड

मंडळी, आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तिठ्यावर टाकलेलं लिंबू दिसलं तर ते धुऊन त्याचं सरबत करणाऱ्या घराण्यातला मी. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तरी माझी तक्रार नाही... घरचे तर इतकी वर्षं हसतच आहेत.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. शिवाजी पेठेत माझं छोटंसं ऑफिस होतं. पाटीवर मी मोठ्या हौसेनं ‘सोल्युशन्स’ लिहून घेतलं होतं, पण लोक यायचे ते प्रिंटरची शाई भरून घ्यायला. अशात माझा मेव्हणा विलास ज्या फाउंड्रीत होता, तिथलं एक मोठं काम त्याच्या ओळखीनं मला मिळालं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ही फाउंड्री, आणि तिचा माल जायचा पुण्याच्या एका कंपनीला.

काम होतं मिडलवेअर बदलायचं. घाबरू नका, सोपं आहे. इकडचा प्रोग्राम तिकडच्या प्रोग्रामशी थेट बोलत नाही, मध्ये निरोप पोचवणारं एक सॉफ्टवेअर लागतं. लग्न जमवताना मध्यस्थ असतो ना, तसं. फक्त या मध्यस्थाचा मान मोठा — दोन्हीकडे एकाच व्हर्जनचा लागतो. पुण्यानं व्हर्जन पाच घेतलं होतं, आमच्याकडे अजून तीन. आणि पाच हा असला गर्विष्ठ, की तीनकडून काही आलं तर ‘व्हर्जन जुळत नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवायचा. म्हणून आम्हालाही पाच घालणं भाग होतं.

सगळ्या पीसींवर पाच बसलं, एक सोडून. लॅबमध्ये वितळलेल्या लोखंडाचा नमुना तपासायचं मशीन होतं, त्याच्या जुन्या पीसीवर काही केल्या पाच बसेना. विलास त्याच लॅबमध्ये. पहिल्या दिवसापासून त्याचं एकच पालुपद, "दाजी, चाललंय की झकास. कशाला हात लावताय त्याला?"

शेवटी मी त्या पीसीची नेटवर्कची वायर काढली. त्यानं फक्त मशीनचा रिझल्ट दाखवायचा, आणि विलासनं तो शेजारच्या नव्या पीसीवर टाइप करायचा, असं ठरलं. रिझल्ट खराब असला, की त्या लॉटवर, म्हणजे मालाच्या त्या खेपेवर, ‘होल्ड’ असा निरोप पुण्याला जायचा. होल्ड पडला की माल गेटवरच थांबायचा.

आठवडाभरात पुण्याहून फोन... तुम्ही चांगल्या लॉटवर होल्ड का टाकताय? आमच्याकडून असं काही गेलंच नव्हतं. त्यांनी निरोप काढून वाचून दाखवला. पाठवणारा कोण? लॅबचा जुना पीसी. व्हर्जन? तीन. आणि पाचनं तो बिनबोभाट घेतला होता! लॉट पुन्हा तपासला तर लोखंड एकदम चोख.

मी पुण्याच्या सिस्टीमवाल्याला म्हटलं, "अहो, पाच तीनचं घेतच नाही. तुमच्याकडे काहीतरी गडबड असणार."

"आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे," तो थंडपणे म्हणाला. "तुमच्याकडचं बघा."

मग दुसरा होल्ड आला. मग तिसरा. पुण्यानं ऑर्डर काढून घ्यायची भाषा सुरू केली. फाउंड्रीचे मॅनेजर मगदूमसाहेब भारी संशयी. चहात साखर कमी पडली तरी कुणी मुद्दाम घातली नाही याची चौकशी लावणारे. विलासच्या नात्यानं मी त्यांचा पावणा.

"पावणं, तुमचं सॉफ्टवेअर बरोबर हाय न्हवं?"

"हो, साहेब."

"मग माणूस चुकीचा हाय. व्हय का न्हाय? त्या जुन्या पीसीवर बसतंय कोण?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यातून विलासची बढती नुकतीच हुकली होती, त्यामुळे कारणही आयतंच मिळालं. मगदूमसाहेबांनी स्पष्ट सांगितलं, "दसरा हुंदे. मग ह्याला घरी बसवतो."

घरी हे सांगितल्यावर आमच्या सौ.चा चेहरा उतरला. धाकटा भाऊ, दोन लहान पोरं, आणि एमआयडीसीत एकदा ‘गडबड करतो’ असा शिक्का बसला की दुसरीकडे कोण उभं करतंय? "अहो, त्यानं नाही केलं," ती म्हणाली. "लहानपणी आंबा चोरला तरी संध्याकाळी आपणहून सांगायचा तो."

मी मान हलवली, पण खरं सांगू? मलाही विलासचाच संशय होता. सुट्टीनंतर तो कुणाला भेटतो, कुठल्या सायबर कॅफेत जातो, हे बघायला मी एकदा स्कूटरवरून त्याच्या मागं गेलो. डोक्यात, आपण म्हणजे सिनेमातले गुप्तहेर. तो थेट गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबला. मी एका म्हशीच्या आडोशाला उभा राहिलो. ग्लासभर धारोष्ण दूध संपवून, मागं न बघताच तो म्हणाला, "दाजी, हेल्मेट घालून म्हशीमागं काय उभारलाय? या, दूध घ्या."

प्यालो. काय करणार?

मग संशय फाउंड्रीच्या इलेक्ट्रिशियनवर. दस्तगीरभाई, मुरगूडचे. लॅबच्या फॉल्स सिलिंगमधून त्यांनी एखादी चोरटी वायर ओढली असेल म्हणून मी शिडी लावून वर डोकं घातलं. शिडी धरायला, अर्थात, दस्तगीरभाईच.

"काय गावलं का?"

"नाही."

"मग आमची पक्कड तरी दिसत्या का बघा. उन्हाळ्यापासनं हरवलीया."

धुळीनं माखून खाली आलो. शेवटी मगदूमसाहेबांच्या समोर मी जुन्या पीसीचं नेटवर्क कार्डच उपटून काढलं. आता त्याला बाहेर बोलायला तोंडच उरलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा होल्ड! पाठवणारा तोच, व्हर्जन तेच.

"म्हंजे ह्यानं दुसरीकडं कुठंतरी कॉपी ठेवलीया," मगदूमसाहेब म्हणाले. आता ते विलासकडे बघतसुद्धा नव्हते.

विलास एकदाच माझ्यापाशी आला. "दाजी, तुमालाबी तसंच वाटतंय?"

मी म्हटलं, "छे रे." आवाज मात्र मलाच खोटा वाटला.

आणि आली खंडेनवमी. त्या दिवशी फाउंड्रीत सगळी यंत्रं बंद ठेवून त्यांची पूजा करतात. सकाळीच भट्ट्या गार, आणि दस्तगीरभाईंनी आख्ख्या प्लांटचा मेन स्विच पाडून किल्ली खिशात घातलेली. मशिनांना झेंडूच्या माळा, कॉम्प्युटरला हळदकुंकू. लॅबच्या त्या मुक्या पीसीलाही एक माळ. कामगारांची बायकापोरं आलेली, आमची सौ.ही होती. मगदूमसाहेबांनी विलासच्या हातात आरतीचं ताट दिलं आणि त्याला अगदी शेजारी उभं केलं. मान म्हणून नव्हे, नजरेसमोर राहावा म्हणून!

आरती झाली, नारळ फुटला, तेवढ्यात मगदूमसाहेबांचा मोबाईल वाजला. पुण्याचा सर्व्हर काही पूजेला थांबत नव्हता, तिथला ड्युटीवरचा माणूस बोलत होता. साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"तुमच्याकडे आज सुट्टी आहे ना? मग होल्ड कोण पाठवतंय? आत्ता आलाय, या मिनिटाला."

साहेबांनी वळून विलासकडे बघितलं. त्याच्या दोन्ही हातांत ताट, निरांजन अजून तेवत होतं.

"कुठनं आलाय?"

"तुमच्या लॅबच्या जुन्या पीसीवरून. व्हर्जन तीन."

"नीट बघा की ओ!"

"दोनदा बघितलं. पाठवल्याची वेळसुद्धा आत्ताचीच आहे."

रांगेत अडकलेला जुना निरोप उशिरा पोचला असेल आणि त्यावर वेळ पोचल्याची पडली असेल, असं आमच्यातले जाणकार म्हणतील. मीही तेच म्हणालो, आणि लॉट नंबर विचारला. त्यानं जो सांगितला तो ऐकून विलासनं ताट खाली ठेवलं. तो लॉट अजून ओतलाच नव्हता. दसऱ्यानंतर पहिला ओतायचा होता.

दस्तगीरभाईंनी खिशातून किल्ली काढून वर धरली. "साहेब, मेन पाडलाय मी. वीज न्हाय प्लांटात. पंखाबी फिरत न्हाय, बघा की."

आम्ही सगळे त्या पीसीकडे बघत राहिलो. काळा स्क्रीन, कपाळावर कुंकू, गळ्यात माळ. एखाद्या सज्जन म्हाताऱ्यासारखा तो बसला होता.

मग मगदूमसाहेबांनी प्रसादाचा पहिला पेढा उचलला आणि विलासच्या तोंडापाशी धरला. माफी वगैरे शब्द त्यांच्या डिक्शनरीत नव्हते. तेवढं झालं आणि त्यांची नजर हळूहळू फिरत माझ्यावर आली.

"पावणं... दोन्ही व्हर्जनचं आतलं-बाहेरचं कुणाकुणाला येतंय हितं?"

"मला, साहेब."

"अजून कुणाला?"

"...कुणालाच नाही."

"हां," ते म्हणाले. फक्त ‘हां’.

विलासची नोकरी वाचली. तो लॉट नंबर त्यांनी कायमचा गाळला, त्याच्या पुढच्या नंबरानं ओतकाम सुरू केलं. तो नंबर वापरला असता तर काय झालं असतं, कुणाला माहीत. माझं मेंटेनन्सचं काम मात्र दिवाळीआधीच काढून घेतलं. आणि दुर्दैव बघा, मी जायचा बंद झालो तसे होल्डही बंद झाले! मगदूमसाहेबांना आणखी काय पुरावा हवा?

पण खरी पंचाईत घरी झाली. खंडेनवमीच्या दिवशी परतताना सौ. स्कूटरवर मागं बसली होती, शिवाजी पेठ जवळ आली. मग खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "अहो, आजचा होल्ड विलाससाठी तुम्हीच पाठवलात ना?"

"मी काहीही केलेलं नाही!"

"बरं, बरं. नाही विचारत."

रात्री मटणाचे सगळे चांगले पीस माझ्या ताटात. दिवाळीला विलास पाया पडला, तेही नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकून. मी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितके दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघून हसले.

मग मी हट्टाला पेटलो. घरी हॉलमध्ये दोन पीसी मांडले, एकावर तीन, एकावर पाच. मी केलं असं म्हणता ना, मग मलाच करता येतं का ते तरी बघू! पुस्तकं वाचली, ओळखीच्यांना विचारलं, सुट्ट्या घालवल्या. तीननं पाठवायचं आणि पाचनं दारातून परत करायचं... एकही निरोप आत गेला नाही. आजपर्यंत नाही. तीनचं म्हणणं पाचला ऐकू येण्याची काही सोयच त्यात नाही, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो. मग त्या दिवशी पुण्याला कुणी, कुठून आणि कसं ऐकवलं?

शेवटच्या प्रयत्नाच्या वेळी सौ. चहाचा कप घेऊन माझ्या मागं उभी होती. स्क्रीनवर पुन्हा ‘व्हर्जन जुळत नाही’ आलं. मी तिला म्हटलं, "बघितलंस? आता तरी पटलं?"

तिनं कप ठेवला, स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अगदी मायेनं म्हणाली, "राहू द्या आता. आम्हाला पटावं म्हणून मुद्दाम किती चुकाल?"