अर्धा क्लच

“शर्यतीची गाडी हाय न्हवं ही? मग बैलगाडीगत का हाकतोस रं मर्दा?” शाहूपुरीतल्या मोटरसायकलींच्या गॅरेजमध्ये म्हातारे मिस्त्री माझ्या नवऱ्याला विचारत होते. त्यांच्या हातात क्लचच्या प्लेटा होत्या, काळ्या पडलेल्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. जळक्या ऑइलचा तो वास अजूनही कुठे आला की मला ती दुपार आठवते. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. मी दाराशी कडुलिंबाच्या सावलीत पदर सावरत उभी होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, सासरच्या मोठमोठ्या आवाजांपुढे गप्प होऊन जाणारी. शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे असणारे हे, मला मागे बसवलं की सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ देत. माझं त्यांना ओझं होतंय, असंच मी मनाशी धरून बसले होते. “खड्डा आला की अर्धा क्लच धरतो,” हे हळूच म्हणाले. “मागं ही बसत्या. हिसका बसला तर घाबरायची, आन सांगायची बी न्हाय.” “त्यानंच जळल्या की प्लेटा! वहिनी काय काचेच्या हायत व्हय?” मिस्त्री हसले आणि नव्या प्लेटा बसवायला वाकले. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. कानशिलं तापली होती. परतताना रंकाळ्याच्या कडेचा रस्ता मोकळा होता, तरी गाडी तशीच रांगत निघाली. एरवी मी मागची कडी घट्ट धरून बसायचे. ती सोडून पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून, त्यांच्याच बोलीत म्हणाले, “मी न्हाय घाबरत. पळवा की!”