व्हाया नंदाखाल

सरळ रस्त्याचा इतका मनापासून तिटकारा असलेला माणूस आमच्या व्याह्यांखेरीज अख्ख्या वसई तालुक्यात सापडायचा नाही. सांडोरला त्यांच्या दारातून निघून मी रमतगमत चालत गेलो, तरी तासाभराच्या आत वसईच्या किल्ल्यात पोचतो. व्याही धावत जातात आणि त्यांना तीन तास लागतात. ते हळू धावतात हे खरंच आहे, पण कारण ते नाही. किल्ला दक्षिणेला असला तरी ते आधी उत्तरेला धावतात. निसर्गरम्य मार्ग तिकडून आहे म्हणतात.

व्याह्यांविषयी असं चारचौघांत लिहू नये, हे मला कळतं. मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. पण लग्नानंतर चौथ्याच महिन्यात तिनेच मला फोन केला होता. सासरे पहाटे उठून बैठकीच्या खोलीत जागच्या जागी धावतात, कपाटातल्या बश्या वाजतात, बाबा, तुम्ही एकदा बोलून बघा, असं तिचं म्हणणं होतं. मी समजूत घालायला म्हणून गेलो आणि परत आलो तो त्यांच्या धावपथकाचा सदस्य होऊन. मी मूळचा मिरजेचा, बँकेत खुर्चीवर बसून निवृत्त झालेला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला अर्धी चड्डी घालायला लावणं हे ज्याला जमलं, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

व्याही चित्रकलेचे मास्तर. तीस वर्षं त्यांनी पोरांकडून दोन डोंगर, मधून सूर्य आणि कडेला नारळ काढून घेतला. ती पोरं आता पोटं सुटून, कर्जाच्या फ्लॅटात राहून, डॉक्टरांच्या धाकाने सरांच्याच पथकात धावायला लागली होती. अंगात चकाकते बनियन, मनगटावर बायकोपेक्षा जास्त टोकणारी घड्याळं आणि एकेकाचे बूट असे की त्यात माझा महिना निघाला असता. पण सरांनी कधीकाळी कान पिरगाळलेला असल्यामुळे सरांपुढे कुणाची जीभ उचलत नसे. रस्त्यात कुठेही व्याही थांबत, दोन्ही हातांची बोटं जुळवून चौकट करत आणि तिच्यातून समोरची केळीची बाग बघत. सगळ्या पथकाने थांबून तसंच बघायचं, हा नियम. एकाने धाप लागलेली असतानाही धीर करून सांगितलं, की सर, थांबलं की नाडी उतरते, घड्याळ ओरडतं. तर म्हणाले, "तुझ्या घड्याळात नाडी दिसते, वेळ दिसते. नारळ दिसतो का?" नारळ दिसत नव्हता. त्यानेही बोटं जुळवून चौकट केली.

त्यांनी ड्रॉइंग पेपरवर जलरंगांत सोळा मार्ग काढले होते. नकाशे देखणे होते आणि धावण्याच्या कामाचे अजिबात नव्हते. समुद्राची निळाई अशी की फ्रेम करून लावावी, पण अंतराचा आकडा एकाही कागदावर नाही. त्याऐवजी सूचना असत. 'मोगऱ्याचा वास येईपर्यंत सरळ.' 'तांबडा कुत्रा बसतो तिथून डावीकडे.' एके सकाळी तांबडा कुत्रा त्याच्या काही खाजगी कामासाठी पुढच्या फाट्यावर जाऊन बसला आणि आमचे दोन इंजिनिअर अर्नाळ्याला पोचले. व्याह्यांनी चूक कुत्र्याची धरली.

पुळणीवर धावायचं तर ओहोटी हवी, ओली वाळू घट्ट असते, आणि सकाळी सहाला ओहोटी मिळते ती अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. बागायतदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला हे भिंतीवरच्या तिथीवरून कळतं. त्यामुळे भुईगावच्या किनाऱ्याचा मार्ग ते नेमका अमावास्येला ठेवत. नव्या वस्तीतल्या सासवांनी यावर उठाव केला. अमावास्येला जावई समुद्रावर पाठवणार नाही, असे निरोप आले. शेवटी पथकातल्या शहाण्यांनी परस्पर एक अष्टमी ठरवली, कारण त्या दिवशी रविवार होता. सकाळी सहाला भुईगावला गेलो तर धावायची वाळू पाण्याखाली. चकाकते बनियन गुडघाभर पाण्यात उभे, आणि व्याही सुरूच्या बनात खाली बसून त्यांचं चित्र काढत होते. त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. मास्तर मेले तरी मास्तरच राहतात.

पण हे सगळं मी वरवरचं सांगतोय. सोळा मार्गांचं खरं गुपित माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं, कारण मी बहुतेक वेळ समोरच्याच्या टाचांकडे बघत धावत असे. एकदा तापाने घरी पडलो होतो, तेव्हा सोळाही नकाशे पलंगावर पसरून बघितले. किल्ला असो, भुईगाव असो, राजोडी असो, निर्मळचं तळं असो, प्रत्येक मार्ग नंदाखालच्या एकाच गल्लीतून जात होता. त्या गल्लीत एक कौलारू घर होतं आणि सोळाही कागदांवर त्याची कौलं एकेक करून रंगवली होती.

मुलीला विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुम्हाला माहीत नाही का, ते आमच्या मोठ्या सासऱ्यांचं घर. म्हणजे व्याह्यांचे थोरले बंधू. अकरा वर्षांपूर्वी थोरल्यांनी मुलाच्या घरासाठी वाडीतलं बावखल बुजवलं. बावखल म्हणजे वाडीला पाणी देणारं गोड्या पाण्याचं जुनं तळं. त्यातच या दोघांना वडिलांनी कमरेला सुके नारळ बांधून पोहायला शिकवलं होतं. वडिलांच्या श्राद्धाला जेवायला बसलेले व्याही मातीचा ढिगारा बघून भरल्या पानावरून उठले, ते बायकोच्या माहेरी सांडोरला येऊन राहिले. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. व्याही रोज त्या दारावरून धावत जात, हीच काय ती भेट.

मग मी टाचा सोडून वर बघायला लागलो. थोरले ओटीवर पेपर वाचत बसलेले असत. आमचं पथक आलं की पेपर हळूच वर सरके. व्याही कुंपणाशी थांबत, घराकडे पाठ करत आणि सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात आम्हाला केळींचं ज्ञान देत. "ही बघा, ही राजेळी."

पेपरामागून, कुणालाच उद्देशून नसलेला आवाज येई. "राजेळी नाय ती. मुठेळी."

"काही लोक हिला मुठेळी म्हणतात," व्याही आम्हाला सांगत आणि पुढे धावू लागत.

असं रोज. वेलची केळीला ते तांबडी म्हणत, भाजीच्या केळीला सुकवून सुकेळी करायची केळ म्हणत, आणि रोज पेपरामागून दुरुस्ती येई. केळीच्या वाडीत वाढलेला माणूस रोज केळ चुकतो कसा, याचं पथकाला नवल वाटे. सरांना आता विसरायला होतं, अशा निष्कर्षाला पथकातले दोघे आले होते. मला मात्र राग यायचा. मनात म्हणायचो, अहो, ओटी दहा पावलांवर आहे. इतकी वर्षं तीस-तीस किलोमीटर धावताय, ही दहा पावलं टाका की. एकदा म्हटलंही. व्याही म्हणाले, "त्याने आधी बोलवावं. तो मोठा आहे." मी म्हटलं, तुम्ही उठून गेलात, तुम्ही जावं. दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. व्याह्यांशी अबोला म्हणजे मुलीची पंचाईत, म्हणून मीच माघार घेतली. आज वाटतं, घ्यायला नको होती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटच्या झडीत दहा दिवस धावणं बंद होतं, आणि उघडीप झाल्यावर पहिल्याच सकाळी ओटी रिकामी होती. दाराला कुलूप होतं. व्याही नेहमीसारखे कुंपणाशी थांबले, राजेळी म्हणाले, आणि वाट बघत राहिले. मग पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. पथकातला कुणीतरी हसला. मी त्याच्या पायावर पाय दिला. शेजारच्या बाई फुलं काढत होत्या, त्यांनी सांगितलं की थोरल्यांना आठवड्यापूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. इस्पितळातून मुलगा परस्पर आपल्याकडे घेऊन गेला. बुजवलेल्या जागेवरचं घर त्याला गैरसोयीचं झालं होतं, तो केव्हाच नालासोपारा पूर्वेला, आचोळ्यात फ्लॅट घेऊन राहिला होता.

तीन दिवस व्याही धावायला आले नाहीत. चौथ्या दिवशी पथकाच्या ग्रुपवर सतरावा मार्ग आला. सांडोर ते आचोळे. रंग नव्हते, पेन्सिलीची एक रेघ होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सरळ काढलेली. पथकात हाहाकार उडाला. रिक्षा, धूळ, पुलावरची गर्दी, उघडी गटारं. सर, यात निसर्गरम्य काय आहे, असं एकाने सगळ्यांच्या वतीने विचारलं. व्याह्यांनी उत्तर लिहिलं, "तिथे माझा भाऊ राहतो."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. एकानेही दांडी मारली नाही. आचोळ्याच्या त्या इमारतीखाली व्याही थांबले, चौकट वगैरे काही न करता वर बघत राहिले, आणि तसेच घामाने भिजलेले जिना चढून गेले. आम्ही चकाकत्या बनियनांत वीस माणसं खाली उभे. वॉचमनला वाटलं सोसायटीत काही कार्यक्रम आहे. पाऊण तासाने पुतण्या खाली आला आणि म्हणाला, तुम्ही जा, काका जेवूनच येतील.

पथक आता मोडल्यासारखंच आहे. ज्याला जमेल तो सरळ रस्त्याने किल्ल्यात जातो आणि वेळेत घरी पोचतो. व्याही धावत नाहीत. रोज सकाळी बसने आचोळ्याला जातात, भावाची दाढी करतात, पेज भरवतात आणि त्याच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत बसतात. समोरून उत्तर येत नाही. परवा मीही सोबत गेलो होतो. परतताना बसस्टॉपवर त्यांना म्हटलं, चला, भेट तर झाली, बरं झालं. थोरल्यांच्या पेजेचा डबा मांडीवर धरून ते बसले होते.

"रोज धावत होतो हो," ते म्हणाले, "तरी उशीरच झाला."

मग बस आली. डबा मी घेतला, कारण त्यांना चढायला दोन्ही हात लागतात आता.