तात्यांचे थेंब आणि आठवड्याची गोळी

आज डोकंच फिरलंय, राव.

आमच्या तात्यांच्या डोळ्याला आतून सूज येते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचे थेंब दिले ते थोड्या दिवसांपुरते, आणि सूज परत येऊ नये म्हणून आठवड्याला एक गोळी. आज तपासणीत कळलं, तात्यांनी गोळी बंद केली आणि थेंब मात्र महिनोन्महिने चालू. त्या थेंबांनीच डोळ्याचं प्रेशर वाढलंय. नजर जाऊ शकते.

तात्या म्हणतात, "थेंबानं सांजच्याला लाली जाती. गोळीनं काय फरकच दिसंना."

परत येताना ओतूरच्या स्टँडवर मी चिडून म्हणाले, "आपल्या टोमॅटोला ड्रिपनं मुळाशी सोडलेलं औषध दुसऱ्या दिवशी दिसतं का?"

तात्या माझ्यावरच डाफरले, "गोळी म्हंजी ड्रिप हाय, हे आधी सांगायला काय झालं व्हतं?"

दोन वर्षं मी नुसतं 'वेळेवर घ्या' म्हणत होते. तुम्ही घरी अशा गोळ्यांचं काय सांगता?