बाईंचा आवाज बसला तेव्हा

कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही जीवशास्त्र घेतलं, ते बरंचसं रसायनशास्त्राच्या धास्तीनं. पण रसायनशास्त्र काही आमचा पिच्छा सोडणार नव्हतं. पेशी शिकायची तर आधी अणू, रेणू, बंध, आम्ल हे सगळं आलंच.

ते शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. मागच्या बाकावरही डुलकी काढायची सोय नव्हती. ऐकू सगळं यायचं, डोक्यात मात्र काही शिरायचं नाही. पाठ करायचं, परीक्षेत ओकायचं आणि विसरून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या सत्रात त्यांच्या घशात गाठ निघाली. गाठ साधीच होती, शस्त्रक्रिया झाली. पण डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, चला, सुट्टी. पण बदली शिक्षक कुणी मिळेना, आणि एका सकाळी गळ्याला रुमाल गुंडाळून बाई स्वतःच वर्गात हजर.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.'

मग माझ्याकडे बोट केलं. उंचीमुळे मला सगळे ताडमाड म्हणत. मला पुढे उभं करून त्यांनी माझ्या शर्टाला 'ऑक्सिजन' लिहिलेला कागद टाचला. दोन बारक्या मुलींना हायड्रोजन केलं. फळा पुसायचे दोन फडके घेतले, प्रत्येकाचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं एकेकीच्या हातात दिलं. मला खूण केली : ओढ.

मी ओढलं. फडके जवळजवळ सगळे माझ्याकडे आले. टोकं मात्र मुलींनी सोडली नाहीत.

"फडका म्हणजे दोघांत वाटलेले इलेक्ट्रॉन," मागून शंकासूर म्हणाली. तासाला दहा शंका काढायची, म्हणून हे नाव. "पण ही कसली वाटणी? हा दांडगा सगळं स्वतःकडेच ओढतोय."

बाईंनी जोरजोरात मान डोलावली.

"म्हणजे याच्याकडे थोडा ऋणभार, आणि या दोघींकडे थोडा धन?"

बाईंनी टाळी वाजवली. मग तिघांचा पाण्याचा आणखी एक रेणू उभा केला आणि त्यातल्या एका हायड्रोजनची करंगळी माझ्या करंगळीत अडकवली. बघता बघता अख्खा वर्ग पाणी झाला. चालताना करंगळ्या सुटत होत्या, दुसरीकडे अडकत होत्या. हायड्रोजन बंध नाजूक असतो म्हणजे काय, ते माझ्या हाताला कळलं. फडका समसमान वाटून धरलेल्या चौघांना बाईंनी मध्ये सोडलं. त्यांच्याकडे ना धन, ना ऋण. करंगळी द्यायला कुणी तयार होईना. ढकलले जात चौघंही एका कोपऱ्यात गोळा झाले.

"अरे, आपण तेल आहोत," त्यांतला एक म्हणाला, आणि वर्ग हसला. बाईही हसल्या, आवाज न करता.

पुढच्या तासाला पाठीवर दप्तरं घेऊन आम्ही मेदाचे रेणू झालो आणि पाठीला पाठ लावून दोन रांगांत उभे राहिलो : तोंडं पाण्याकडे, पाण्याला टाळणारी शेपटं म्हणजे दप्तरं आत. पेशीचं आवरण असं उभं राहतं, हे त्यानंतर कुणाला पाठ करावं लागलं नाही.

त्या महिन्यात वर्ग आपोआप शांत झाला. बाईंनी टेबलावर बोट वाजवलं तरी शेवटच्या बाकाला ऐकू जायचं. शंकासूर फळ्यावरचं सगळ्यांना वाचून दाखवायची.

आवाज परत आला तो घोगरा, खालच्या पट्टीतला. बाई म्हणाल्या, "बसा." आम्ही बसलो. "तुमचे आभार मानायचेत. मी राजीनामा लिहून ठेवला होता. बोलता न येणारी शिक्षिका कुणाला हवी, असं वाटत होतं. पहिल्या दिवशी तुम्ही निमूटपणे करंगळ्या पुढे केल्यात. घरी गेले आणि तो फाडून टाकला."

शंकासूरला पहिल्यांदाच शंका आली नाही.

आज मी परिचारिकांच्या शाळेत हाच विषय शिकवतो, तो बाईंमुळे. हे त्यांना सांगायला मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, सगळं ऐकून घेतलं.

"सगळ्यांना कळतं का रे?"

"नाही बाई. दोघीतिघी अजून पाठांतरच करतात."

"मग उद्या आधी त्यांनाच पुढे बोलाव," असं म्हणून त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.